गटारापेक्षा खाली असलेल्या तळघरातील पाणी बाहेर कसे काढावे: कोकणातील घरमालकांसाठी मार्गदर्शक

कोकणात तळघर म्हणजे बहुतेक वेळा उतारावर बांधलेल्या घराचा खालचा मजला असतो. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर घर एकमजली दिसते आणि मागच्या दाराने उतरले की खाली आणखी एक मजला लागतो, ज्याची एक भिंत डोंगराच्या मातीला टेकलेली असते. रत्नागिरी, राजापूर, सावंतवाडी या गावांच्या चढ-उतारांवर अशी घरे जागोजागी आहेत. अडचण अशी की गटार रस्त्याच्या कडेला, म्हणजे वरच्या बाजूला असते आणि आपली जमीन त्याच्याहून दोन-तीन मीटर खाली असते. खाडीकाठच्या सपाट वस्त्यांत उतार नसतो, परंतु तेथे भूजल वर असते आणि भरतीच्या वेळी गटाराचे तोंडच पाण्याखाली जाते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, अशा प्रदेशात ही अडचण दर पावसाळ्यात समोर येते.

माझ्या स्वतःच्या घराचा खालचा मजला असाच आहे. त्याचे काम करून घेताना जे समजले ते येथे क्रमाने मांडतो. सर्वात महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगतो: पंप ही या कामातील शेवटची खरेदी आहे, पहिली नव्हे. पाणी कोठून येते आणि त्याला किती उंच चढवायचे आहे, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय दुकानात पाऊल ठेवू नये.

१. पाणी कोणते आहे ते ओळखा

तळघरात पाणी येण्याची कारणे पाच-सहाच आहेत, परंतु प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. म्हणून एका पावसाळ्यात वही ठेवावी आणि पाणी कधी आले, कोठून आले, कसे दिसत होते, पाऊस केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला, भरती होती की ओहोटी, हे लिहीत जावे. या नोंदींचा उपयोग पुढे प्रत्येक टप्प्यावर होतो.

सर जोरात आली की थोड्याच वेळात पाणी दिसते आणि सर ओसरल्यावर लवकरच थांबते, असे असेल तर ते छपराचे किंवा अंगणाचे पाणी आहे. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडते, पन्हळ तुंबलेली असते किंवा अंगणाचा उतार घराकडे असतो. हे सर्वांत स्वस्तात सुटणारे कारण आहे आणि म्हणूनच ते आधी तपासावे.

पाऊस लागून काही दिवस झाल्यावर पाझर सुरू होतो, आणि मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली तरी तो थांबत नाही. पाणी स्वच्छ व थंड असते आणि डोंगराकडच्या भिंतीच्या तळातून किंवा फरशीच्या सांध्यातून येते, तर ते जमिनीतील पाणी आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात सहज मुरते, खालच्या मऊ चिकणमातीच्या थरावर अडते आणि त्या थरावरून उताराच्या दिशेने सरकत राहते. आपण तळघरासाठी डोंगर कापला तेव्हा हीच वाट उघडी केलेली असते. श्रावणात जमीन उपळते ती याच कारणाने.

नहाणीच्या जाळीतून किंवा संडासाच्या भांड्यातून घाण वासाचे पाणी वर येत असेल, तर ते गटाराचे किंवा मलवाहिनीचे उलटे आलेले पाणी आहे. खाडीजवळच्या वस्तीत ते भरतीच्या वेळी येते का, हे पाहावे. कोकणातील जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. हा अंदाज वहीतील नोंदींशी ताडून पाहण्यास पुरेसा आहे.

उन्हाळ्यातही ओल राहत असेल तर नळाची फुटलेली जोडणी, टाकीची गळती किंवा शेजारचा शोषखड्डा यांचा संशय घ्यावा. रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाहिला की नळाची गळती कळते. सेप्टिक टँकचा संशय असेल तर संडासात गडद रंग ओतून एक-दोन दिवस भिंतीवर लक्ष ठेवावे. भिंतीची ओल हवेतील दमटपणाची आहे की आतून येणारी आहे, हे ठरवण्यासाठी प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवावा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते, आणि खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतून. दुसऱ्या प्रकारात पंपाचा काहीही उपयोग नाही, तेथे हवा खेळती ठेवावी लागते.

खारे पाणी शिरत असल्याची शंका असेल तर चव घेऊन पाहू नये, कारण त्यात मैला मिसळलेला असू शकतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजण्याचा छोटा टीडीएस मीटर मिळतो. भरती आणि ओहोटी या दोन्ही वेळी मोजून आकड्यांत फरक पडतो का, ते पाहावे.

२. पातळ्या मोजा

गवंडी ज्या पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात ती नळी, टेप, खडू आणि एक मदतनीस एवढ्यावर हे काम होते. नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर पातळी चुकते, म्हणून दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे दिसते का, हे आधी पाहावे. नंतर घराच्या एका भिंतीवर कायमची खूण करून तिच्यापासून पुढील उंची किंवा खोली मोजून लिहावी: तळघराची फरशी, घरासमोरचा रस्ता, गटाराचा तळ, ढाप्याखालील चेंबरमधील पाइपाचा तळ, सेप्टिक टँकमध्ये पाणी शिरते त्या पाइपाची पातळी आणि आवाराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातील जमीन.

यातील रस्त्याची पातळी निर्णायक आहे. मलवाहिनी किंवा बंद गटार तुंबले की पाणी तिच्यात चढत जाते आणि चेंबरच्या झाकणातून रस्त्यावर सांडेपर्यंत चढते. म्हणजे तुमच्या जोडणीत ते रस्त्याच्या पातळीपर्यंत येऊ शकते, असे धरूनच चालावे. त्या पातळीखाली असलेली प्रत्येक जाळी, नहाणी आणि संडास हे उलट्या पाण्याला उघडे दार आहे.

चिपळूण, महाड, राजापूर यांसारख्या पूर येणाऱ्या गावांतील सखल भागांत मात्र रस्ताच पाण्याखाली जातो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा तळमजलेच बुडाले होते. अशा जागी येथे सांगितलेली व्यवस्था रोजच्या पाझरासाठी उपयोगी पडेल, पुरासाठी नाही. पूररेषेच्या आतील तळघरात मीटर, इन्व्हर्टर, धान्य किंवा कागदपत्रे ठेवू नयेत आणि कोणाची झोपण्याची जागा तर मुळीच करू नये.

३. बाहेरचे पाणी बाहेरच वळवा

पन्हळीचे पाणी पाइपाने भिंतीपासून निदान दोन-तीन मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूला सोडावे. घराभोवतीच्या जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा. डोंगराच्या बाजूला, गडग्याच्या आतून, वरून वाहत येणारे पाणी अडवून बाजूला नेणारी उघडी चर काढावी. याचे महत्त्व एका साध्या हिशेबाने पटते: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. हे पाणी भिंतीच्या बुडाशी सोडायचे आणि मग विजेवर पंप चालवून काढायचे, याला काही अर्थ नाही.

जमिनीतील पाझरासाठी डोंगराकडच्या भिंतीलगत खोल चर खणून तिच्यात छिद्रांचा पाइप घालतात. चरीला आतून जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड लावतात, तळाला खडी, त्यावर पाइप, पुन्हा खडी, आणि वरून कापड मिटून माती. पाइपाला शंभरास एक एवढा उतार पुरतो, म्हणजे १० मीटर लांबीत १० सेंटिमीटर. पाइप तळघराच्या फरशीच्या पातळीखाली असला पाहिजे, पण चरीचा तळ पायाच्या तळापेक्षा खाली नेऊ नये, कारण पायाखालची माती सुटून भिंत बसू शकते. जुन्या चिऱ्याच्या घरांचा पाया अनेकदा उथळ असतो. तेथे हे काम स्थापत्य अभियंत्याला जागेवर बोलावून त्याच्या सल्ल्यानेच करावे. माणूस उभा राहील एवढी खोल चर आधाराशिवाय खणू नये आणि ओल्या दिवसांत तर खणूच नये. दिवाळीनंतर जमिनीतील पाणी उतरू लागते. तेव्हापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ या कामाचा आहे.

येथे एक सापळा आहे. अनेक जण आतून भिंतीला वॉटरप्रूफिंगचा लेप देऊन मोकळे होतात. पाणी भिंतीच्या बाहेरून दाबत असते, त्यामुळे आतला लेप एक-दोन पावसाळ्यांत फुगून सुटतो. नाही सुटला तर पाणी फरशीतून वाट काढते. दाब कमी केल्याशिवाय लेप टिकत नाही. चरीचे काम झाल्यावर आतून लेप देणे योग्य आहे, त्याऐवजी देणे योग्य नाही.

४. उतारानेच पाणी जाते का ते पाहा

कोकणातील घरमालकाला सपाट शहरातील घरमालकापेक्षा एक सोय अधिक आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते याचे मला फार वाईट वाटते. घर उतारावर असेल तर, रस्त्याचे गटार वर असले तरी आवाराचा खालचा कोपरा बहुधा तळघराच्या फरशीहून खाली असतो. दुसऱ्या टप्प्यात काढलेल्या पातळ्यांत तो निदान अर्धा मीटर खाली निघाला, तर पाझराचे स्वच्छ पाणी पाइपाने तेथे नेऊन पऱ्यात किंवा वहाळात सोडता येते. वीज नको, पंप नको, रात्री उठून पाहणे नको. लांब पाइप टाकावा लागला तरी हा मार्ग पंपाहून शेवटी स्वस्तच पडतो.

मात्र खालची जमीन शेजाऱ्याची असेल तर आधी बोलावे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीचे नैसर्गिकरीत्या वाहणारे पाणी खालच्या जमिनीने घ्यायचे असते, परंतु पाइपात गोळा करून एका ठिकाणी सोडलेले पाणी नैसर्गिक प्रवाह ठरत नाही. त्याच्या आंब्याच्या मुळाशी किंवा भाताच्या खाचरात ते पडले की वाद होतोच. त्यामुळे पाइपाचा मार्ग कागदावर काढून लेखी संमती घ्यावी. सांडपाणी किंवा संडासाचे पाणी कोणत्याही परिस्थितीत वहाळात सोडू नये, कारण खालच्या वाडीच्या विहिरी त्याच पाण्यावर असतात.

पाइपाच्या तोंडाला उंदीर-खेकडे शिरू नयेत म्हणून जाळी लावावी आणि तोंड खाडीच्या बाजूला असेल तर भरतीला आपोआप मिटणारी झडप बसवावी. झडप मिटलेली असताना आतले पाणीही बाहेर जात नाही, म्हणून उधाणाच्या भरतीत ते पाणी साठवण्यापुरता खड्डा वाटेत ठेवावा.

५. साठवण खड्डा आणि पंप

उताराने पाणी जात नसेल तेव्हाच पंपाकडे वळावे. फरशीच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, परंतु भिंतीच्या पायापासून थोडा दूर, पाणी गोळा होणारा खड्डा घ्यावा. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० ते ९० खोल खड्डा घरगुती पाझराला सहसा पुरतो. सिमेंटची छिद्रे असलेली रिंग बसवून तिच्याबाहेर कापड आणि खडी घालावी. पंपातून गढूळ, मातकट पाणी सतत येऊ लागले तर सावध व्हावे: पाण्याबरोबर फरशीखालची माती वाहून जात आहे आणि फरशी पोकळ होत आहे. तेव्हा पंप बंद करून कापड व खडी नीट बसली आहे का, हे तपासणे भाग आहे.

किती पाणी येते हे खड्डाच सांगतो. ऐन पावसात खड्डा रिकामा करून पाच मिनिटांत पाणी किती चढते ते मोजावे. ६० बाय ६० च्या खड्ड्यात १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ३६ लिटर. पाच मिनिटांत एवढे चढले तर तासाला ४३२ लिटर येतात. सर्वांत वाईट दिवशीच्या आकड्याच्या निदान दुप्पट उपसणारा पंप घ्यावा.

आता पंपाच्या पाटीवरील आकडे कसे वाचावेत ते पाहू, कारण बहुतेक फसगत येथे होते. पाटीवर कमाल उंची आणि कमाल उपसा असे दोन आकडे असतात. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल उंचीला उपसा शून्य असतो आणि कमाल उपसा जवळजवळ शून्य उंचीला मिळतो. दुकानदाराकडून पंपाचा तक्ता मागून घ्यावा आणि आपल्या उंचीला तो किती लिटर देतो, ते पाहावे.

उंचीचा हिशेब असा. खड्ड्याचा तळ फरशीखाली ०.६ मीटर, फरशी रस्त्याखाली २.४ मीटर आणि पाइप रस्त्याच्या वर ०.३ मीटर न्यायचा असेल, तर पाणी ३.३ मीटर चढवायचे आहे. त्यात पाइपातील घर्षण मिळवायचे. तासाला ६,००० लिटर पाणी ५० मिलिमीटरच्या, म्हणजे दोन इंची पाइपातून २० मीटर नेताना घर्षणाचे, बेंड आणि झडप धरूनही, एक मीटरच्या आतबाहेर नुकसान होते. म्हणजे ५ मीटर उंचीला तासाला ६,००० लिटर देणारा पंप येथे योग्य ठरेल. तेच पाणी एक इंची पाइपातून नेऊ गेल्यास निव्वळ घर्षणातच १० मीटरच्या आसपास उंची खर्च होते आणि चांगला पंप असूनही पाणी बोटभर धारेने येते. घरात पडून असलेला एक इंची पाइप वापरून टाकू, असे कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. उलट पाइप फार मोठाही नको. वेग सेकंदाला ०.७ मीटरपेक्षा कमी झाला की गाळ पाइपात बसू लागतो.

पंपाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. बोअरवेलचा सबमर्सिबल पंप या कामाचा नाही. तो फार उंच चढवण्यासाठी आणि स्वच्छ पाण्यासाठी असतो. पाझराच्या पाण्याला डीवॉटरिंग पंप आणि मैल्याच्या पाण्याला घन पदार्थ आरपार जाऊ देणारा सीवेज पंप मागावा. फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच, खड्ड्याच्या भिंतीला किंवा वायरीला अडकणार नाही अशा रीतीने बांधावा. पंप चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत निदान ३० सेंटिमीटरचे अंतर ठेवावे, नाहीतर मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते.

६. पाइप आधी वर, मग खाली

ही या लेखातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारी गोष्ट आहे. पंपाचा पाइप थेट गटारात किंवा चेंबरमध्ये न नेता आधी रस्त्याच्या पातळीच्या वर, २५-३० सेंटिमीटर अधिक उंचीवर न्यावा, तेथे वळवावा आणि मग खाली उतरवून जोडावा. गटार काठोकाठ भरले तरी पाणी त्या वळणावरून उलटे येऊ शकत नाही. झडप बिघडू शकते, तिच्यात खडा अडकू शकतो. वळणाला बिघडण्यासारखे काही नसते. युरोपात तळघरांच्या उपसा यंत्रणेसाठी असलेल्या ईएन १२०५६-४ या मानकातही हेच तत्त्व आहे.

वळण दिले तरी पंपाजवळ एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावावा, नाहीतर पंप थांबताच उभ्या पाइपातील पाणी पुन्हा खड्ड्यात उतरते. त्याच्या पुढे एक साधा व्हॉल्व्ह आणि दोन्हीकडे युनियन, म्हणजे पान्याने उघडता येणारे जोड, ठेवावे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. पंप आणि एनआरव्ही यांच्यामधील पाइपाला खड्ड्याच्या आत, खाली तोंड करून, तीन मिलिमीटरचे छिद्र पाडतात; त्यातून अडकलेली हवा निघून जाते. पंप गरगरतो पण पाणी चढत नाही, या तक्रारीचे कारण अनेकदा हे छिद्र नसणे हेच असते.

७. संडास आणि सांडपाणी वेगळे ठेवा

पाझराचे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये. टँकमध्ये मैला कुजायला वेळ लागतो. तेथे सतत ताजे पाणी शिरले तर न कुजलेला मैला ढकलला जाऊन शोषखड्डा चोंदतो. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, आणि जांभ्यातून पाणी झपाट्याने सरकते म्हणून अंतर त्याहून जास्त ठेवता आले तर अवश्य ठेवावे.

तळघरात संडास करावा का? माझे स्पष्ट मत आहे की, पाणी उताराने खालच्या सेप्टिक टँकला जात असेल तरच करावा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ हीसुद्धा मलवाहिनीची पातळी अनुकूल असेल आणि उलटे पाणी येण्याची शक्यता नसेल तरच तळघरात स्नानगृह व संडास असू द्यावेत, असे सांगते. तरीही करायचाच असेल तर त्याचा खड्डा पाझराच्या खड्ड्याहून वेगळा, जलाभेद्य, घट्ट झाकणाचा आणि छपरापर्यंत वायुनलिका नेलेला असावा.

वरच्या मजल्यांचे सांडपाणी मात्र कधीही या खड्ड्यात आणू नये. ते स्वतंत्र पाइपाने, उतारानेच, चेंबरला जोडावे. सर्व घराचे पाणी खाली आणून पंपाने वर चढवण्याची रचना केली, तर वीज गेलेल्या रात्री वरच्या मजल्यावर कोणी अंघोळ केली की खालचा मजला भरतो. हाच नियम उलटे पाणी अडवणाऱ्या झडपेलाही लागू आहे: झडप फक्त खालच्या मजल्याच्या पाइपावर बसवावी आणि वरच्या मजल्याचा पाइप तिच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला जोडावा.

मैल्याच्या खड्ड्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरवू नये. आत विषारी वायू साठतो, तो काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच पडतो. अशी माणसे कामाला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडीच बोलवावी.

८. वीज

पंपासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्यावी आणि तिला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) व चांगले अर्थिंग द्यावे. पंपाचा आरसीसीबी घरातील इतर उपकरणांबरोबर सामाईक असेल, तर फ्रिजच्या बिघाडानेही पंप बंद पडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सॉकेट व स्टार्टर तळघरात नव्हे तर वरच्या मजल्यावर असावेत. वायरला पाण्याखाली जोड देऊ नये. पाणी धोक्याच्या पातळीवर चढल्यास वाजणारी, बॅटरीवरची स्वस्त घंटाही लावावी.

जोराच्या पावसातच वीज जाते, हे कोकणात वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे दीर्घ काळ अंधारात होती. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे ६०० वॉट घेतो, पण सुरू होताना त्याच्या काही पट झटका घेतो. घरातील लहान इन्व्हर्टर त्याला ट्रिप होतो. म्हणून इन्व्हर्टर घेताना पंपाचा सुरुवातीचा भार इलेक्ट्रिशियनला सांगावा आणि जोडून प्रत्यक्ष चालवून पाहावे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अशा पंपासाठी साधारण १,००० वॉट-तास हाती लागतात असे धरावे. तासातून दहा मिनिटे पंप चालत असेल तर रात्र निघते. त्याहून लांबच्या अंधारासाठी जनरेटर किंवा पेट्रोल-डिझेलचा पंप लागतो. तो नेहमी घराबाहेर, खिडकीपासून दूर ठेवावा. बंद तळघरात तो चालवला तर कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरतात.

९. कागदपत्रे आणि साहित्य

नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत, जी तुमच्याकडे असेल तिच्याकडे गटाराच्या जोडणीसाठी आणि रस्ता खोदावा लागणार असेल तर त्याच्या परवानगीसाठी अर्ज करावा. सोबत सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर बांधकाम नकाशा, चालू घरपट्टीची पावती, पाइपाचा मार्ग व पातळ्या दाखवणारा हाताने काढलेला स्वच्छ नकाशा आणि लागू असेल तर शेजाऱ्याचे संमतीपत्र जोडावे. अर्जाची पोहोच घ्यावी. समुद्र किंवा खाडीलगतची जागा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येत असेल, तर कोणतेही खोदकाम करण्यापूर्वी विचारणा करावी. खोदकाम उन्हाळ्यात व्हायचे असल्याने अर्ज दिवाळीच्या सुमारासच द्यावा.

साहित्यात पातळीची नळी, टेप, पंप, फ्लोट स्विच, एनआरव्ही, व्हॉल्व्ह, युनियन, दोन इंची पाइप, छिद्रांचा पाइप, खडी, जिओटेक्स्टाइल, सिमेंटची रिंग व झाकण, आरसीसीबी आणि रबरी बूट-हातमोजे लागतात. एक पंप शिल्लक ठेवणे शक्य असेल तर ठेवावा. आषाढात दुकानात तो मिळेलच असे नाही.

१०. तळघर भरलेलेच असेल तर

पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. स्विच पाण्याच्या पलीकडे असेल तर पाण्यातून तेथपर्यंत जाऊ नये. महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा.

पाणी एकदम उपसू नये, हे अनेकांना पटत नाही, परंतु ते फार महत्त्वाचे आहे. एक मीटर खोल पाणी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार देते. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतले पाणी या दाबाला तोलून धरत असते. ते झपाट्याने काढले तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो किंवा फरशी उचलतो, आणि चिऱ्याची भिंत अशा आडव्या दाबाला फार कमी तग धरते. बाहेरील जमिनीवरचे पाणी ओसरल्यावरच उपसा सुरू करावा. पहिल्या दिवशी सुमारे एक फूट पाणी काढावे, भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर चढले असेल तर अजून वेळ आली नाही. चढले नसेल तर दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन फूट काढून पुन्हा खूण करावी. भिंतीला नवी भेग किंवा फुगवटा दिसला तर उपसा थांबवून अभियंत्याला बोलवावे.

त्या पाण्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. बूट-हातमोज्यांशिवाय उतरू नये, पायाला जखम असेल तर अजिबात उतरू नये, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पाणी निघाल्यावर गाळ काढून, धुऊन, मगच ब्लीचिंग पावडर वापरावी. गाळावर टाकलेली पावडर वाया जाते.

११. देखभाल

मे महिन्याच्या अखेरीस खड्ड्यातील गाळ काढावा, पंपाची जाळी धुवावी आणि बादल्यांनी पाणी ओतून फ्लोट उचलला जातो का, पंप आपोआप बंद होतो का, हे पाहावे. आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. मुख्य स्विच बंद करून इन्व्हर्टरवर पंप चालवून पाहावा. पावसाळ्यात दर आठवड्याला झाकण उघडून एकदा डोकवावे; पानांचा चोथा आणि प्लॅस्टिकची पिशवी या दोनच गोष्टी बहुतेक पंप बंद पाडतात. पाऊस गेल्यावर पंप बाहेर काढून धुऊन कोरडा करावा. जमिनीतील पाणी दिवाळीपर्यंत येत राहत असेल तर तो तोवर काढू नये, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा बादलीभर पाण्यात क्षणभर चालवावा, म्हणजे सील चिकटत नाही.